अणुभट्टीइतकीच कायद्याची लेखणीही स्वदेशी हवी

१ जानेवारी १९६७. भारताच्या इतिहासात या दिवशी कोणतेही युद्ध झाले नाही, कोणतेही सिंहासन उलथले नाही. तरीही या एका तारखेने भारताला पुढची चार दशके अणुजगताच्या वेशीबाहेर उभे केले. १९६८ साली स्वाक्षरीसाठी खुल्या झालेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या नवव्या कलमात ‘अण्वस्त्रधारी राष्ट्र’ कोणाला म्हणावे याची व्याख्या आहे. ज्याने १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट घडवला, ते अण्वस्त्रधारी. चीनने १९६४च्या ऑक्टोबरमध्ये स्फोट केला होता, म्हणून चीन पंक्तीत बसला. भारताने पोखरणला पहिली चाचणी केली ती १८ मे १९७४ रोजी, म्हणून भारत पंक्तीबाहेर. सामर्थ्य, संयम, लोकशाही, जबाबदार वर्तन यांपैकी कशाचाही त्या व्याख्येत विचार नव्हता. होती ती फक्त एक तारीख, आणि ती कोणीतरी विचारपूर्वक कागदावर लिहिली होती.

अणुशक्तीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते डॉ. होमी भाभा, डॉ. राजा रामण्णा, डॉ. अनिल काकोडकर, म्हणजे शास्त्रज्ञ. हे स्वाभाविकच आहे, त्यांचे ऋण राष्ट्र कधीही फेडू शकणार नाही. परंतु भारताच्या अणुकार्यक्रमाची वाटचाल बारकाईने पाहिली, तर असे दिसते की जेव्हा जेव्हा ती अडली, तेव्हा प्रयोगशाळेत क्वचित अडली. बहुतेक वेळा अडली ती एखाद्या कलमात, एखाद्या पोटकलमात, एखाद्या देशांतर्गत कायद्याच्या दुरुस्तीत. आणि जेव्हा जेव्हा ती सुटली, तेव्हाही कोणीतरी शब्दाला शब्द भिडवून ती सोडवली. या शब्दांच्या रणांगणावर लढणारे किती सैनिक आपण तयार केले, हा प्रश्न आज विचारण्याची वेळ आली आहे.

तारापूरचा धडा

महाराष्ट्राला या प्रश्नाची झळ सर्वांत आधी लागली. तारापूरचे केंद्र हे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र. १९६३ साली अमेरिकेशी झालेल्या करारानुसार या केंद्राला तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरवण्याची जबाबदारी अमेरिकेने स्वीकारली होती. १९६९ साली वीज सुरू झाली. पुढे पोखरण घडले आणि १९७८ साली अमेरिकेने आपल्याच संसदेत अण्वस्त्रप्रसारविरोधी नवा कायदा संमत केला. सर्व अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय देखरेख न स्वीकारणाऱ्या देशाला इंधन द्यायचे नाही, असे त्या कायद्याने ठरले. दोन सार्वभौम राष्ट्रांत झालेला करार एका राष्ट्राच्या संसदेने नंतर केलेल्या कायद्यामुळे निष्प्रभ ठरतो काय? आंतरराष्ट्रीय विधीचे सर्वमान्य तत्त्व सांगते की स्वतःच्या देशातील कायद्याची ढाल पुढे करून कोणालाही करारातून अंग काढून घेता येत नाही. भारताची बाजू न्यायाची होती, पण इंधन न्यायाने येत नव्हते. अखेर १९८२ साली फ्रान्सकडून पुरवठ्याची तडजोड झाली आणि तारापूरचे दिवे लागते राहिले.

याच्या उलट उदाहरण कुडनकुलमचे. रशियाच्या साहाय्याने तेथे अणुभट्ट्या उभारण्याचा करार नोव्हेंबर १९८८मध्ये झाला. १९९२ साली अणुपुरवठादार राष्ट्रांच्या गटाने संपूर्ण देखरेखीची अट घातली. सोव्हिएत संघ तोवर कोसळला होता आणि प्रकल्प बासनात गेल्यातच जमा होता. परंतु मूळ करार नव्या अटीच्या आधीचा आहे, म्हणून त्याला ती अट लागू होत नाही, अशी भूमिका भारत आणि रशिया या दोघांनी घेतली व ती अमेरिकेच्या नाराजीला न जुमानता टिकवली. २००२ साली बांधकाम सुरू झाले आणि आज कुडनकुलमची वीज दक्षिण भारताला मिळते. एका तारखेने भारताला बाहेर ठेवले, दुसऱ्या तारखेने भारताला वाचवले. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळी तारखेचा अर्थ लावणारे आपणही होतो.

विस्मरणात गेलेला वारसा

या क्षेत्रात भारताला परंपरा नाही असे कोणी म्हणेल, तर ते अज्ञान ठरेल. टोकियो येथील युद्धगुन्हे न्यायाधिकरणात विजेत्यांच्या न्यायाला एकट्याने संपूर्ण नकार देणारे न्या. राधाबिनोद पाल यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत अणुबॉम्ब टाकण्याच्या निर्णयावरही बोट ठेवले होते. जित राष्ट्राचे नेते पिंजऱ्यात उभे असताना जेत्याच्या कृतीचा हिशेब मांडण्याचे धैर्य एका भारतीय विधिज्ञाने दाखवले, हे जपान आजही विसरलेला नाही.

त्याहून अधिक नेमके उदाहरण डॉ. नागेंद्र सिंह यांचे. डुंगरपूरच्या राजघराण्यात १९१४ साली जन्मलेला हा तरुण सनदी सेवेत गेला, संविधान सभेचा सदस्य झाला, जहाजवाहतुकीचा महासंचालक, राष्ट्रपतींचा सचिव आणि मुख्य निवडणूक आयुक्तही झाला. एवढ्या प्रशासकीय धबडग्यात एखाद्याने अभ्यास सोडला असता तर कोणी नावे ठेवली नसती. नागेंद्र सिंह यांनी तो सोडला नाही. १९५९ साली, म्हणजे प्रसारबंदीचा करार जन्माला येण्याच्या नऊ वर्षे आधी, अण्वस्त्रे आणि आंतरराष्ट्रीय कायदा या विषयावर त्यांचा स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या विषयाला अजून नीट नावही नव्हते, त्या विषयावर एक भारतीय ग्रंथ लिहीत होता! १९७३ साली ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९८५ ते १९८८ या काळात त्या न्यायालयाचे अध्यक्ष.

न्यायाधीश होताच त्यांच्यासमोर आला तो अणुचाचण्यांचाच खटला. फ्रान्स प्रशांत महासागरावर वातावरणात स्फोट घडवत होता आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड न्याय मागत होते. १९७४च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने जो निर्णय दिला, त्याच्या बहुमतात नागेंद्र सिंह होते. यापुढे वातावरणात चाचण्या करणार नाही, असे फ्रान्सने जाहीरपणे सांगितले आहे. असे जाहीर वचनही राष्ट्राला कायद्याने बांधू शकते, असा तो निर्णय होता. हे तत्त्व नुसते पाठ्यपुस्तकात राहिलेले नाही. ५ सप्टेंबर २००८ रोजी तत्कालीन परराष्ट्रमंत्र्यांनी स्वेच्छेने पाळलेल्या चाचणीबंदीचा पुनरुच्चार करणारे निवेदन केले आणि दुसऱ्याच दिवशी अणुपुरवठादार गटाने त्या निवेदनाचा उल्लेख करीत भारताला सवलत दिली. मंत्र्यांच्या एका निवेदनाचे उद्या कायद्यात किती वजन होऊ शकते, हे ज्याला १९७४चा निकाल ठाऊक आहे तोच सांगू शकेल.

भारतीय शास्त्रपरंपरेने युद्धालाही धर्माची चौकट घातली. विषदिग्ध आणि अग्नीने पेटलेली शस्त्रे वापरू नयेत, असा निर्बंध मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात आहे. ‘हे सारे पुराणातले’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९९६ साली हेगच्या न्यायालयाने अण्वस्त्रांच्या वैधतेविषयी सल्लामत दिले, तेव्हा श्रीलंकेचे न्या. वीरमंत्री यांनी आपल्या भिन्नमतात रामायण-महाभारतातील सर्वसंहारक अस्त्रांवरील निर्बंधांचा दाखला दिला आणि त्यासाठी आधार घेतला तो नागेंद्र सिंह यांच्या लेखनाचा. आपला वारसा जगाच्या न्यायपीठावर पोचतो तो घोषणांनी नव्हे. तो पोचतो कोणीतरी ग्रंथालयात बसून लिहिलेल्या प्रबंधाच्या तळटीपांमधून.

जग काय करीत होते

१९५७ साली व्हिएन्नात स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा भारत संस्थापक सदस्य. या संस्थेचा प्रमुख अणुशास्त्रज्ञ असावा असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात १९८१ ते २००९ अशी सलग अठ्ठावीस वर्षे ती धुरा वाहिली ती दोन विधिज्ञांनी. पहिले स्वीडनचे हान्स ब्लिक्स, दुसरे इजिप्तचे मोहम्मद अल बरादेई. बरादेई यांचा प्रवास तर अभ्यासण्याजोगा आहे. कैरो विद्यापीठाची विधी पदवी, परराष्ट्र सेवा, न्यूयॉर्क विद्यापीठातून १९७४ साली आंतरराष्ट्रीय कायद्यातील डॉक्टरेट, १९८४ साली अणुऊर्जा संस्थेत प्रवेश आणि तेथे कायदेविषयक सल्लागाराचे काम, १९९७ साली महासंचालकपद, २००५ साली नोबेल शांतता पुरस्कार. मार्च २००३मध्ये इराकवर हल्ल्याची तयारी पूर्ण झालेली असताना, नायजरमधून युरेनियम खरेदीचे म्हणून जे कागद पुढे केले गेले ते खरे नाहीत, असे याच माणसाने सुरक्षा परिषदेला सांगितले. युद्ध थांबले नाही, हे खरे. पण महासत्तेच्या तोंडावर कागद खोटे ठरवण्याचे बळ कायद्याच्या शिस्तीत वाढलेल्या बुद्धीतून आले.

हे काही एकट्यादुकट्याच्या प्रतिभेवर सोडलेले नव्हते. अणुअपघाताची भरपाई कोणी द्यायची याविषयीचा पॅरिस करार १९६० सालचा, व्हिएन्ना करार १९६३ सालचा. अणुविधीच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७०च्या दशकातच उभी राहिली. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६चा आणि अपघाताची तत्काळ सूचना देण्याचा करार त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तयार! पाच महिन्यांत करार लिहून होतो, कारण तो लिहू शकणारी माणसे आधीच तयार असतात. फ्रान्समधील माँपेलिए येथे २००१ सालापासून अणुविधीचे खास वर्ग चालतात. जर्मनीतील ग्यॉटिंगेनसारख्या विद्यापीठगावात या एका विषयाला आयुष्य वाहिलेले विद्वान झाले. त्यांच्यासारख्यांच्या सहभागातून अणुऊर्जा संस्थेने २००३ साली जो मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला, तो समोर ठेवून अनेक देश आपले कायदे रचतात. नियम ज्यांनी लिहिले, खेळ त्यांचा झाला.

करारातील शब्द आणि जैतापूरची प्रतीक्षा

भारत-अमेरिका अणुकरारावर २००५ ते २००८ या काळात देशात जे वादळ उठले, ते मुळात शब्दांचे वादळ होते. हाइड कायद्यातील अटी १२३ कराराला लागू होतात की नाही, चाचणी केल्यास इंधन परत मागता येईल काय, या प्रश्नांवर राष्ट्रवादी विचारांच्या मंडळींनी त्या वेळी घेतलेले आक्षेप निव्वळ विरोधासाठी नव्हते; तारापूरचा चटका त्यांच्यामागे होता. त्या दक्षतेचा उपयोग झाला. व्हिएन्नातील निरीक्षण कराराच्या प्रास्ताविकात, इंधनपुरवठा तुटल्यास आवश्यक ती उपाययोजना करण्याचा भारताचा अधिकार नोंदला गेला. प्रास्ताविकातील शब्दाला कलमाइतके बळ असते काय, हा वाद अभ्यासकांत चालू राहील. पण तो शब्द तेथे आहे, हे महत्त्वाचे.

हेगलाही असाच प्रसंग आला. अण्वस्त्रकपातीच्या वाटाघाटी केल्या नाहीत म्हणून मार्शल बेटांनी भारताला न्यायालयात खेचले. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी, उभय देशांत विधिवत वादच अस्तित्वात नव्हता या कारणाने न्यायालयाने खटला ऐकण्यास नकार दिला. निर्णय नऊ विरुद्ध सात मतांचा. एवढ्या निसटत्या फरकाने राष्ट्राची सुरक्षानीती जागतिक न्यायपीठावरील चर्चेतून वाचते, तेव्हा बाजू मांडणाऱ्याच्या तयारीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आणि दायित्वाचे काय? १९८४च्या डिसेंबरातील ती भोपाळची रात्र या देशाच्या काळजावरचा व्रण आहे. ३३० कोटी डॉलरचा दावा १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर मिटला आणि मार्च २०२३मध्ये वाढीव भरपाईची अखेरची याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. त्या व्रणातूनच २०१०च्या अणुदायित्व कायद्याचे सतरावे कलम जन्मले. सदोष यंत्रसामग्री देणाऱ्या पुरवठादाराकडूनही भरपाई वसूल करण्याचा अधिकार त्याने प्रकल्पचालकाला दिला; तो बळकट व्हावा यासाठी तेव्हाच्या विरोधी पक्षांनी, भारतीय जनता पक्षासह, संसदेत आग्रह धरला होता. परदेशी कंपन्यांना हे कलम रुचले नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरचा ९९०० मेगावॉटचा नियोजित प्रकल्प वर्षानुवर्षे रखडला, त्यामागे विजेचा दर आणि स्थानिकांचा विरोध यांच्याबरोबर दायित्वाचा हा तिढाही होता.

डिसेंबर २०२५मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा संमत केला. १९६२चा अणुऊर्जा कायदा आणि २०१०चा दायित्व कायदा या दोहोंची जागा त्याने घेतली, खासगी उद्योगांना अणुविजेचे दार उघडले आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक अधिष्ठान दिले. २०४७पर्यंत शंभर गिगावॉट अणुवीज हे उद्दिष्ट आहे. २०२५च्या अखेरीस स्थापित क्षमता नऊ हजार मेगावॉटच्या आत होती. एवढी झेप घ्यायची तर भांडवल हवे आणि भांडवलाला जोखमीची मर्यादा हवी, हा या बदलामागचा विचार समजण्यासारखा आहे. परंतु पुरवठादाराकडून वसुलीचा जो अधिकार पूर्वी कायद्यातच होता, तो आता मुख्यतः दोन पक्षांच्या लेखी करारात तशी तरतूद असेल तरच मिळणार आहे. त्याखेरीज हेतुपुरस्सर घातपाताचा अपवाद तेवढा उरला. म्हणजे जे संरक्षण संसदेने एकदाच लिहून दिले होते, ते आता प्रत्येक करारात नव्याने लिहून घ्यावे लागेल. कोण लिहिणार ते करार? पुरवठादाराच्या बाजूला लंडन-न्यूयॉर्कच्या कसलेल्या विधिसंस्था बसतील. आपल्या बाजूला कोण बसणार?

महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर एकदा महागात मोजले आहे. १९९३ साली राज्य वीज मंडळाने दाभोळ प्रकल्पासाठी एन्रॉनच्या कंपनीशी केलेला करार ज्यांनी वाचला, त्यांना त्यात वीजदरापेक्षा शब्दांचे सापळे अधिक दिसले. वीज घ्या वा न घ्या, पैसे मोजा; दर डॉलरशी बांधलेला; आणि भांडण झाले तर लवाद परदेशात. १९९५ साली करार रद्द झाला, फेरवाटाघाटीनंतर पुन्हा झाला आणि २००१ साली प्रकल्प बंद पडला. स्वदेशी जागरणाचे कार्यकर्ते त्या काळी जे सांगत होते ते काळाने खरे ठरवले. पण कार्यकर्त्याने रस्त्यावर सांगण्याआधी ते मंडळाच्या टेबलावर सांगणारा विधिज्ञ असता, तर?

‘बळी तो कान पिळी’ हे पुरेसे नाही

आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे बलवानांची सोय, त्याच्या नादी लागण्यापेक्षा सामर्थ्य वाढवावे, असा एक विचार आपल्यातही आढळतो. त्यात तथ्य आहे. १९९८च्या पोखरणनंतरच जगाची भाषा बदलली, हे निर्विवाद. तथापि त्याच पोखरणच्या वेळी भारत ठामपणे म्हणू शकला की आम्ही कोणताही करार मोडलेला नाही. का? कारण १९९६ साली जिनिव्हात चाचणीबंदी करारावर स्वाक्षरी करण्यास अरुंधती घोष यांनी भारताच्या वतीने निःसंदिग्ध नकार दिला होता. भारत सही करो वा न करो, त्याच्या अनुमतीवाचून करार अंमलात येणार नाही अशा चव्वेचाळीस देशांच्या यादीत त्याला गोवण्यात आले. सार्वभौम राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध त्याच्यावर बंधन लादण्याचा हा प्रकार आहे, हा आक्षेप त्यांनी विधिनियमांच्या भाषेत नोंदवला. शक्ती आणि शब्द हे एकमेकांचे पर्याय नाहीत. शस्त्रागार रिकामे असताना शास्त्र बोलणे दुबळेपणाचे, तसे शस्त्र हाती असून शास्त्र न जाणणे आडदांडपणाचे. आर्य चाणक्यांच्या देशाला हे शिकवावे लागू नये.

घराघरातून सुरुवात

दुर्दैवाने आपल्या मध्यमवर्गीय घरांतील करिअरचा नकाशा अजूनही आखूड आहे. मुलगा-मुलगी हुशार असेल तर वैद्यक, अभियांत्रिकी, संगणक आणि परदेश. कायद्याकडे गेलेच तर मोठ्या कंपन्यांचे विलीनीकरण हाताळणाऱ्या विधिसंस्थेतील घसघशीत पगार. अणुविधीचा संशोधक व्हायचे म्हणजे पदवीनंतर पदव्युत्तर अभ्यास, मग प्रबंध, पुन्हा व्हिएन्ना वा माँपेलिएसारख्या ठिकाणी प्रशिक्षण. जमल्यास फ्रेंच भाषा, आणि अर्धायुष्य म्हणजे काय, किरणोत्सार कसा मोजतात, एवढे तरी भौतिकशास्त्र. चाळिशीपर्यंत नाव होत नाही, पैसा तर त्याहून उशिरा. निकाल लागतो तेव्हा छायाचित्र मंत्र्यांचे येते, मसुदा लिहिणाऱ्याचे नाही. प्रसिद्धिपराङ्मुख राहून काम करीत राहणे हा संस्कार ज्या घरांत आहे, त्या घरांना हे व्रत परके वाटण्याचे कारण नाही.

समाजाने या व्रताला आधार दिला पाहिजे. पुण्या-मुंबईची जुनी विधी महाविद्यालये आणि राज्यातील तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे यांनी ऊर्जा व अणुविधी हा विषय वैकल्पिक न ठेवता त्याचे स्वतंत्र अध्यासन उभारावे. तारापूर, जैतापूर आणि तुर्भ्याचे भाभा केंद्र ज्या राज्यात आहे, त्या राज्याला हे शोभेल. शास्त्रज्ञांनी आणि विधिज्ञांनी एका वर्गात बसावे. ज्या खासगी उद्योगसमूहांना आता अणुविजेत उतरायचे आहे, त्यांनी या अभ्यासाच्या शिष्यवृत्त्यांचा भार उचलावा. आणि जे विद्यार्थी संघटनांतून, शाखांतून, व्याख्यानमालांतून राष्ट्रकार्याची दीक्षा घेतात, त्यांच्यापैकी काहींना तरी कोणीतरी सांगावे की सीमेवर उभे राहणे हे जसे राष्ट्रकार्य, तसे कराराच्या चाळिसाव्या पानावरील पोटकलम डोळ्यांत तेल घालून वाचणे हेही राष्ट्रकार्यच आहे.

येत्या काही वर्षांत अणुभट्ट्यांचे अनेक करार लिहिले जातील आणि त्यांतील प्रत्येक ओळ पुढची साठ-सत्तर वर्षे भारताच्या पुढच्या पिढ्यांना बांधून ठेवील. १ जानेवारी १९६७ ही तारीख दुसऱ्यांनी लिहिली, आपण ती सोसली. यापुढे आपल्या भवितव्याच्या तारखा ज्या कागदावर पडतील, त्या कागदावरची लेखणी भारतीय हातातली असावी आणि तो हात अभ्यासाने सिद्ध झालेला असावा.